‘३,५४० रुपये आणायचे कुठून?’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

दोन दिवसांच्या परिषदेचं ३,५४० रुपये शुल्क फेलोशिप नसलेल्या संशोधकाला परवडत नाही आणि आयत्या वेळी जेवण वगळून ते कमी करायला आम्ही नकार दिला, असं आपण लिहिलंत. पहिला मुद्दा अगदी रास्त आहे. यूजीसीची जेआरएफ ही फेलोशिप असलेल्या मानव्यविद्येच्या संशोधकालाही पहिली दोन वर्षं कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, वर्षाला १०,००० रुपयेच मिळते. तिचा तिसरा हिस्सा एका परिषदेत जातो.

३,५४० मधले ५४० जीएसटीचे, १८ टक्क्यांनी. उरलेल्या ३,००० पैकी १,५०० सभागृह, ध्वनिव्यवस्था आणि वक्त्यांच्या प्रवास-मुक्कामाचे. हा आकडा २०० जण धरून काढलाय. १५० च आले तर माणशी २,००० पडतात. जेवण, नाश्ता, चहा १,१००, ओळखपत्र आणि फाइल १५०, आमचे, म्हणजे आयोजकांचे, २५०.

सभागृहाचं भाडं एक माणूस जास्त आला म्हणून वाढत नाही. म्हणून आम्ही ४० जागा सवलतीच्या ठेवतो आणि त्यांवर ते १,५०० आणि आमचे २५० लावतच नाही. जेवण-फाइलचे १,२५० अधिक कर, असे १,४७५ होतात. जेवण नको असेल तर फक्त १७७. या जागांच्या वाट्याचे ६०,००० प्रकाशकांच्या स्टॉलभाड्यातून निघतात. जेवणाचा पर्याय मात्र नोंदणीतच निवडावा लागतो. केटररला ताटांचा आकडा तीन दिवस आधी जातो, नंतर ताट रिकामं राहिलं तरी पैसे द्यावेच लागतात.

‘आधी पूर्ण भरा, मग परत देऊ’ ही पद्धत आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. ज्याच्या हातात पैसेच नाहीत तो आधी भरणार कशातून? उत्पन्नाचा दाखलाही मागत नाही. मार्गदर्शकांचं दोन ओळींचं पत्र पुरतं. सर्वांत जास्त अडतात ते सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, प्राध्यापक. मानधन तासांवर, आणि विद्यार्थी नसल्यामुळे मार्गदर्शकांचं पत्र किंवा बोनाफाइड मिळत नाही. त्यांच्यासाठी चालू वर्षाचं नियुक्तिपत्र चालतं.

पुढच्या वेळी शोधनिबंधाचा सारांश पाठवतानाच अर्जातल्या ‘सवलत हवी’ या चौकटीत खूण करा. स्वीकृतीच्या मेलमध्येच सवलतीचा कोड येईल. मुक्काम टाळायचा असेल तर तेही लिहा, सादरीकरण सकाळी अकरा ते तीनमध्ये लावतो. रात्रीच्या एसटीने येऊन त्याच दिवशी परत निघता येतं.