दिवाळी काय, लहान मुलांचीच असते!

हे वाक्य आधी पाठ करून ठेवा. वसुबारस ते भाऊबीज ते तुम्हाला रोज ऐकावं लागणार आहे. दर वेळी म्हणणाऱ्याच्या हातात चिवड्याची बशी असेल आणि तुमच्या हातात भरलेला डायपर.

घरात पावणेदोन वर्षांचं पोर असताना दिवाळी कशी साजरी करावी, यावर मी अधिकाराने लिहू शकतो. गेल्या वर्षी आम्ही ती केली आणि तिघंही त्यातून धडधाकट बाहेर पडलो. तेव्हा ऐका.

नियोजन करताना पोराचा विचार मुळीच करू नका. आपल्या लहानपणाचा करा. पहाटे वाड्याच्या चौकात पेटलेला बंब, त्याचा डोळ्यांत जाणारा धूर, आजीच्या हातचं उटणं, थंडीत कुडकुडत लावलेली पहिली लवंगी. तुमचं बालपण सदाशिव पेठेत गेलं असेल तर हे आठवा. गेलं नसेल तरी आठवा. मी बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर गीझरच्या पाण्याने न्हात मोठा झालो, पण दिवाळी तोंडावर आली की मलाही बंबाचा धूर आठवतो. तर हे सगळं आता पोराला मिळालं पाहिजे. त्याला स्वतःला काय हवंय हा प्रश्न गैरलागू आहे. त्याला झाकण हवं असतं. त्यावर पुढे येतोच.

फराळ घरीच करा. विकत आणलात तर पोरावर संस्कार कुठून होणार? भाजणी भाजायला घ्यायची ती पोर झोपल्यावर. आमच्या घरात खरे पुणेकर एकटे चिरंजीवच. दुपारी एक ते चार बंद. दिवाळीत लक्ष्मी रोडची दुकानंसुद्धा दुपारभर उघडी राहतात, पण यांनी परंपरा सोडली नव्हती. भाजणीचा पहिला खमंग वास घरात सुटला आणि एक वाजून वीस मिनिटांनी दुकान उघडलं.

आता कढईत तेल तापलंय आणि पोर स्वयंपाकघराकडे निघालंय. अशा वेळी दारात खुर्ची आडवी लावावी, म्हणजे त्याला चढायला काहीतरी मिळतं. किंवा बाबांनी त्याला घेऊन हॉलमध्ये बसावं. मी बसलो. गोष्टी सांगितल्या, घोडा झालो, अकरा मिनिटं झाली. मग मोबाइल काढला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 सालीच सांगून ठेवलंय की वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांच्याला दिवसाकाठी तासाभराहून जास्त नको. मी हिशेब मांडला: पावणेदोन म्हणजे जवळजवळ दोनच. तो तास चकलीच्या दुसऱ्या घाण्यालाच संपला. पुढचे घाणे मी उद्याच्या तासातून उचल घेऊन काढले. त्या हिशेबाने आमचं पोर चौथीत जाईपर्यंतचा कोटा धनत्रयोदशीच्या आधीच संपलाय.

सासूबाईंनी अनारसे घातले. अनारसा तुपात सुटून पसरला की तो ‘हसला’ म्हणतात. तो हसला की घरातल्या माणसांनी हसायचं नसतं. हे पोराला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग डबे. फराळाचे सात डबे, सात झाकणं. चिरंजीवांनी लाडवाकडे पाहिलं, चकलीकडे पाहिलं, करंजी हातात घेऊन सोफ्याच्या फटीत सरकवली आणि म्हणाले, “दाकन.” सात झाकणं त्यांनी सात दिशांना नेली. चकली खुसखुशीत व्हावी म्हणून मोहन किती घालावं, यावर दोन घराण्यांत फोनवर तीन दिवस वाद चालला होता. झाकणाचा विचार कुणी केला नव्हता. लक्ष्मीपूजनापर्यंत चकली अशी झाली की दात नसलेल्या आजोबांनी ती दुसऱ्यांदा मागून घेतली. (त्यांची दिवाळी झाली, हेही नसे थोडके.)

खरेदीबद्दल फार सांगत नाही. तुळशीबागेतच जा, आणि बाबागाडी घेऊन जा. दोन माणसांना एकमेकांशेजारून जाता येत नाही अशा बोळात चारचाकी घालणाऱ्याकडे लोक वेगळ्याच नजरेने बघतात. मेट्रोने गेलात तर मंडईचं स्टेशन अगदी जवळ पडतं. 2024 च्या सप्टेंबरमध्ये ते सुरू झाल्यापासून फार सोय झालीय. फक्त पोराला तिथला सरकता जिना दिसू देऊ नका. आम्ही पाऊण तास जमिनीच्या पोटात वर-खाली करत होतो. पणत्या राहिल्या. म्हणून पुढच्या खेपेला गाडी काढली. इथे सर्व बाबांसाठी एक मंत्र: “तुम्ही व्हा पुढे, मी गाडी लावून आलोच.” मी पावणेदोन तास पार्किंग शोधत होतो. गाडी पहिल्या दहा मिनिटांत लागली होती. हा परिच्छेद घरी वाचून दाखवू नका.

आता मुख्य विषय. अभ्यंगस्नान.

नरकचतुर्दशीला सूर्योदयाच्या आत आंघोळ झाली नाही तर माणूस नरकात जातो, अशी आपल्याकडे प्रेमळ धमकी आहे. पुण्यात त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो. रोज पाचला उठून तुमच्या डोळ्यांत बोट घालणारं पोर त्या दिवशी लाकडासारखं झोपतं. त्याला उठवा. तुम्ही म्हणाल, झोपू दे की बिचाऱ्याला, सातला घालू आंघोळ. असं म्हणणारे आईबाप फोटोत मागे ऊन आलेले दिसतात आणि नातेवाइकांना ते ऊन दिसतं.

झोपेतच तेल लावायला घ्या. तेल चोपडलेलं आणि नुकतंच जागं झालेलं पोर हातातून कसं निसटतं हे पाहिलं की कोळी लोक मासे पकडायला जाळं का वापरतात ते उमगतं. आमचे चिरंजीव तेलासकट गादीवर, गादीवरून भिंतीकडे आणि भिंतीवरून नव्या पडद्यात गेले. पडद्याला अजून सुवास येतो. मग उटणं. ते खरखरीत लागलं मात्र, त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की आजच्या दिवशी वध नेमका कुणाचा व्हायला हवा होता, याविषयी त्यांच्या मनात काही शंका उरलेली दिसली नाही.

निम्मी आंघोळ झाली की ओवाळायचं आणि कुणीतरी बाथरूमच्या दाराशी फुलबाजी लावायची. चहाचं पाणी 100 अंशांना उकळतं म्हणून आपण चहाचा कप पोरापासून चार हात लांब ठेवतो. फुलबाजीची तार हजार अंशांच्या घरात तापते. ती मात्र “धर रे राजा, घाबरतोस काय” म्हणून त्याच्या हातात द्यायची असते. द्यायला काका असतात. काका दर घरात एक असतोच. आमच्याकडच्याला हिने फुलबाजीसकट गॅलरीत उभं करून दार लावून घेतलं. दिवाळीतला तेवढा एकच निर्णय आमच्या घरात चर्चेशिवाय झाला.

कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं आणि त्याचा रस जिभेला लावल्यासारखं करायचं. मी आयुष्यभर लावल्यासारखंच करत आलोय. चिरंजीवांनी ते सरळ उचलून चावलं आणि किती कडू असतं त्याचा अहवाल माझ्या नव्या झब्ब्यावर सादर केला.

यानंतर फोटो. मुलांसाठी शिवलेलं तयार धोतर मिळतं, कमरेला इलॅस्टिकचं. ते आत डायपर घालून नेसवलं की पोर मागून अगदी सरदार घराण्यातलं दिसतं. डोक्यावर पगडी ठेवा. ती चार सेकंद राहते. तेवढ्यात फोटो निघाला तर उत्तम. नाही निघाला तर पुन्हा ठेवा, पुन्हा, पुन्हा. आमच्याकडे असे 212 फोटो आहेत. 211 मध्ये पगडी हवेत आहे. उरलेल्या एकात डोक्यावर आहे, पण ती माझ्या.

दिवाळी पहाटेच्या मैफलीलाही जाऊन या. पोराच्या कानावर चांगलं काही पडायला हवं. जागा रांगेच्या मधोमध घ्या. तानपुरे जुळतात, सभागृह श्वास रोखून बसतं, पहिला षड्ज लागतो आणि त्यानंतरच्या शांततेत स्पष्ट, स्वच्छ, सुरात आवाज येतो: “शी.” इतके दिवस ‘याचं बोलणं काही कळत नाही’ म्हणणारी आत्या शेजारीच होती. तिलासुद्धा कळलं.

किल्ला करायला हवाच. सोसायटीतली मोठी मुलं जिन्याखाली करत होती, पण ‘आपल्याला आपला वेगळा हवा’ असं मला वाटलं. पोराला वाटत होतं असं मी सगळ्यांना सांगितलं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून महाराज आणले, बारा मावळे आणले, वाघ आणला, एक गवळण फुकट मिळाली. दगड, पोती, लाल माती. हळीव पेरले, ते उगवलेही. तीन रात्री मी गॅलरीत चिखल कालवत होतो आणि आयुष्यात इतका सुखी क्वचितच झालो असेन. चौथ्या दिवशी चिरंजीव गडावर चालून आले. थेट बसले. म्हणजे खरोखरच बसले, बालेकिल्ल्यावर. अशा वेळी लढू नये, तह करावा. पुरंदरच्या तहात, 1665 साली, महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले आणि 12 राखता आले. मी महाराजांना आणि वाघाला राखलं, बाकी सगळं दिलं. मावळ्यांपैकी तिघांना वीरमरण आलं. गवळण बेपत्ता आहे.

पाहुणे. पाहुणे आले की पोराला झोपेतून उठवून बाहेर आणावं, नाहीतर ‘आम्ही आलो आणि झोपवून टाकलंत’ होतं. मग प्रश्न येतात. “बोलतो का अजून?” “अजून डायपरच का?” “आमचा या वयात श्लोक म्हणायचा.” तो श्लोक म्हणणारा आमचाच आतेभाऊ, समोर बसून फोनवर क्रिकेट बघत होता. “जा, आजोबांना पापा दे.” पोर जात नाही. “लाजतो वाटतं.” लाजत नाही हो, ओळखत नाही! पण हे मनात म्हणायचं. तोंडाने म्हणायचं, “नुकताच उठलाय ना.”

दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. हे पाहुण्यांना सांगून पाहा. कुणीही पोराला लाडू देत नाही. जो तो “एवढासा तुकडा” देतो. अकरा पाहुण्यांचे एवढेसे अकरा तुकडे मिळून दीड लाडू होतो आणि त्याचा परिणाम पाहुणे गेल्यावर रात्री साडेदहाला सुरू होतो. जाताना प्रत्येक जण एक खेळणं ठेवून जातो. खेळण्याला बॅटरी असते, आवाज असतो, बंद करायचं बटण नसतं. स्वतःची मुलं मोठी झालेली माणसं अशी खेळणी फार मन लावून निवडतात.

फटाक्यांचं मात्र चोख आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीत फटाके वाजवायला रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. पोर झोपतं आठला. म्हणजे न्यायालयाचा मान राखणारा शेजारी तुमच्या पोराला बरोबर आठ वाजून दोन मिनिटांनी उठवतो, आणि मान न राखणारा साडेअकराला. आमच्या इमारतीत दोन्ही प्रकारचे शेजारी आहेत. मधल्या वेळात दिवाळी अंक वाचावा. का. र. मित्रांनी 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळासोबत अंक वाचतोय. मी चार अंक आणले होते. त्यातल्या तीन अंकांचे कथाविभाग आमच्याकडे खाल्ले गेले. चौथा राशिभविष्याचा निघाला. तो पोराने दोनदा पाहून बाजूला ठेवला.

भाऊबीजेला मावसबहीण आली, वय वर्षं पाच. तिने पाट मांडला, टिळा लावला, निरांजन लावलेलं तबक समोर धरलं. चिरंजीवांच्या आयुष्यातल्या ज्योतीविषयीच्या सर्व समजुती स्वतःच्या पहिल्या वाढदिवसाला तयार झालेल्या आहेत. त्यांनी फुंकर मारली, ज्योत विझली, टाळ्या वाजवल्या आणि आम्ही का वाजवत नाही म्हणून वळून बघितलं. पुन्हा लावलं, पुन्हा फुंकर. तिसऱ्यांदा ताईने लांबूनच, जवळजवळ स्वयंपाकघरातून ओवाळलं. ओवाळणी घालायला पाकीट हातात दिलं, तर त्यांनी पाकीट नीट बघितलं, स्वतःकडे ठेवून घेतलं, झब्ब्याच्या खिशात हात घातला आणि तबकात झाकण टाकलं. शेवेच्या डब्याचं. आम्ही तीन दिवस शोधत होतो ते. ताई जी रडायला लागली ती पाकीट मिळाल्यावरही थांबेना.

झालं. सासूबाई गेल्या, कंदील उतरवला, ऑफिस सुरू व्हायचंय. त्या रात्री लवकर झोपा. एक सूचना राहिलीच. दुसऱ्या दिवशी पहाटे बरोबर चार वाजता पोर आपणहून उठून बसेल, तुमच्या अंगावरचं पांघरूण ओढेल आणि तेलाची वाटी तुमच्या छातीवर उपडी करून म्हणेल, “आंगो.” गीझर लावा. उटणं संपलेलं असतं, डाळीचं पीठ चालतं. डबा वरच्या फळीवर आहे, झाकण शोधत बसू नका.