‘जळालं ते बरंच झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘नाट्यगृह हवं की रस्ते?’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या गटागटांवर फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. कला हे महापालिकेचं कामच नाही. नाट्यगृह कायम तोट्यात चालतं. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ते बरंच झालं, त्या मोक्याच्या जागेवर व्यापारी संकुल बांधून पैसा करावा. परदेशात कलाकार सरकारपुढे हात पसरत नाहीत. आणि चौकातली चित्रं-शिल्पं म्हणजे ठेकेदारांची चंगळ.

हा मेसेज मला पाठवला माझ्या मामांनी. मामांनी अर्धं आयुष्य स्पर्धेच्या नाटकांची रंगभूषा केली. त्यांनीही खाली ‘मुद्दे पटण्यासारखे आहेत’ असं लिहिलं, तेव्हा गप्प बसवेना.

कायद्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात ठासून लिहिलाय. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिका-महापालिकांकडे सोपवायच्या 18 विषयांची ती यादी आहे. तीत रस्ते आणि पूल आहेत, पाणीपुरवठा आहे, अग्निशमन आहे. आणि त्याच यादीत 13 वा विषय आहे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा. ज्या कागदावर रस्ते आहेत, त्याच कागदावर कला आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ही यादी उघडूनही पाहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. महाराष्ट्राच्या महापालिका अधिनियमात काही कामं बंधनकारक आहेत आणि काही ऐच्छिक. पाणी, गटार, सफाई ही बंधनकारक. तेव्हा नळ कोरडे ठेवून नाटकं करा, असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण बागा, ग्रंथालयं, नाट्यगृहं ऐच्छिक आहेत म्हणून त्यांच्यावरचा खर्च गैर ठरत नाही. तो अधिकार कायद्यानेच दिलाय.

आता ‘जळालं ते बरंच झालं’ हे वाक्य. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती होती. त्या रात्री खासबागेजवळ उभं राहून कितीतरी लोक रडले. त्यात नट होते, बॅकस्टेजवाले होते, आणि ज्यांनी आयुष्यात एकदाच शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या रंगमंचावर पाऊल ठेवलं होतं असेही होते. त्यांच्यासमोर हे वाक्य म्हणून दाखवा.

हे नाट्यगृह 1913 ते 1915 या काळात शाहू महाराजांनी बांधून घेतलं, तेव्हा नाव होतं पॅलेस थिएटर. त्याच्या शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदानही त्यांचंच. नाटक आणि कुस्ती ही रिकामटेकड्यांची कामं आहेत असं त्या राजाला वाटलं नाही. मेसेज म्हणतो, ‘राजाश्रय संपला, आता बाजार ठरवेल.’ राजाश्रय संपला हे खरं, पण संस्थान गेल्यावर ती वास्तू बाजाराकडे नव्हे, लोकांच्या पालिकेकडे आली. सांभाळण्याची जबाबदारीही तिच्याबरोबरच आली.

आणि बाजाराचंच बोलायचं तर कोल्हापूरच्या इतिहासाइतका चांगला पुरावा कुठे सापडणार? आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री बंधू आधी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. त्या रंगकामातून बाबूराव सिनेमाकडे वळले, स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर तिथे तयार झाले आणि 1929 साली याच गावात त्यांनी प्रभात फिल्म कंपनी उभी केली. पुढे प्रभात पुण्याला गेली आणि सगळ्या देशाने तिचं नाव ऐकलं. पडदे रंगवणाऱ्याला काम मिळालं म्हणून एक अख्खा धंदा उभा राहिला. पहिल्या पडद्याच्या वेळी कुणी ‘यात नफा किती’ एवढंच विचारलं असतं, तर यातलं किती झालं असतं?

तोटा आहे का? आहे. पालिकेची नाट्यगृहं जमाखर्चात तोट्यातच दिसतात, कारण नाटकासाठी भाडं मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. ते वाढवलं की तिकीट वाढतं, आणि दौऱ्यावरची संस्था सरळ हे गाव वगळते. पालिकेच्या वहीत दिसणारा हा तोटा गावात मात्र कमाई होऊन फिरतो. एका प्रयोगावर नटांची नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, असते, सेट लावणारे असतात, प्रकाशयोजनेचा आणि ध्वनीचा माणूस असतो, कपडेपट सांभाळणारा, रंगभूषाकार, टेम्पोवाला, तिकीटखिडकीवरचा माणूस, रात्री उशिरापर्यंत खानावळ उघडी ठेवणारा असतो. यातल्या बहुतेकांना पगार नसतो. प्रयोग लागला तर पैसे, नाही तर नाही. शहरात शाहू स्मारक आहे, देवल क्लब आहे. दोन्ही चांगल्या जागा, पण केशवरावच्या मापाच्या नाहीत. व्यापारी संकुलात यातल्या कुणाला गाळा मिळणार आहे?

परदेशाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने 1959 मध्येच बांधकामाच्या खर्चातला 1 टक्का कलेसाठी ठेवण्याचा नियम केला. न्यूयॉर्कने 1982 मध्ये तसाच कायदा केला. तिथलं मेट्रोपॉलिटन संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती शहराच्या मालकीची आहे. आणि इतकं लांब कशाला जायचं? मुंबईतलं भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचं आहे. पालिकेने वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि बजाज फाउंडेशनला सोबत घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला, त्याला 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

राहिला चौकांचा मुद्दा, आणि इथे मेसेज अर्धा खरा आहे. सुशोभीकरणाच्या नावाखाली फायबरचे हरणं-मोर बसवले जातात, उड्डाणपुलाच्या खांबांवर रंगवलेली चित्रं एका पावसाळ्यात पोपडे धरतात, आणि हे काम निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळतं. चित्रकाराला दरपत्रकात बसवलं की असंच होणार. पण त्यावर उपाय खर्च बंद करणं हा नाही. कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट या चित्रकला शिकवणाऱ्या संस्था याच गावात आहेत. निवड समितीत चित्रकार-शिल्पकार बसवा, काम करणाऱ्याचं नाव भिंतीवर लिहा, देखभालीचे पैसे त्याच करारात धरा.

नाट्यगृह त्याच जागी, जुन्याच रूपात उभारायचं ठरलंय. मामा, पालिकेला प्रश्न विचारायचेच असतील तर हे विचारा: नव्या वास्तूची वीजजोडणी आणि अग्निसुरक्षा दरवर्षी कोण तपासणार आणि तो अहवाल लोकांना कुठे वाचायला मिळणार? हौशी संस्थांना तालमीसाठी जागा असेल का? शनिवार-रविवारच्या तारखा नाटकाला मिळतील की सभा-समारंभांना? आणि देखभालीसाठी अंदाजपत्रकात वेगळा लेखाशीर्ष असेल का, की पुन्हा दुरुस्तीसाठी दुर्घटनेचीच वाट पाहायची?