‘करोनात पळाली होती ती’

काल चुलत बहिणीचा साखरपुडा होता. जेवणं चालली होती, तेवढ्यात एक बाई आल्या. पूर्वी आमच्या ताईबरोबर स्टाफ नर्स होत्या. माझ्या शेजारी बसलेले एक काका (फेसबुकवर आहेत, वाचतीलच) जिलबी मोडता मोडता म्हणाले, "ही ना? करोनात राजीनामा टाकून पळाली होती." आजूबाजूची तीन-चार माणसं हसली.

मी तिथं गप्प बसलो. शुभकार्यात तमाशा नको म्हणून. पण रात्रभर झोप नाही, म्हणून हे लिहितोय. लांबणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

एप्रिल २०२०. ताई पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात. कोविड वॉर्ड सुरू झाला तेव्हा पीपीई किट आले नव्हते. म्हणजे आले होते, डॉक्टरांपुरते. नर्सेसना सांगितलं, घरून रेनकोट आणा. ताईनं माझा नेला. पिवळा, गाडीवर घालायचो तो. खालच्या बाजूला सायलेन्सरला चिकटून भोक पडलं होतं. तिनं त्यावर ड्रेसिंगची चिकटपट्टी लावली, आतून एक, बाहेरून एक. एन-९५ एकच, तो कागदी पाकिटात ठेवून पाच दिवस पुरवायचा.

आणि ही दुसरी. पदरात आठ महिन्यांचं बाळ, अंगावर पिणारं. सासरे डायलिसिसवर. घर दोन खोल्यांचं. तिनं दोनदा लेखी अर्ज दिला की मला कोविड सोडून कुठलाही वॉर्ड द्या, नाइट द्या, डबल द्या. उत्तर मिळालं, जमत नसेल तर येऊ नका. ती गेली नाही. झालं. ही तिची ‘पळापळ’.

काका, तुम्ही तेव्हा काय करत होतात, सांगू? दुधाच्या पिशव्या साबणानं धूत होतात. आम्ही सगळेच धूत होतो.

आमच्या सोसायटीनं २२ मार्चला पाच वाजता थाळ्या इतक्या जोरात बडवल्या की आमच्याच घरातल्या एका परातीला पोचा आलाय, अजून आहे. आणि तीन आठवड्यांत त्याच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, ‘हॉस्पिटल स्टाफने कृपया लिफ्ट वापरू नये.’ ताई बारा तासांची ड्युटी करून चार मजले चढायची. त्याआधी पार्किंगच्या नळाखाली बादलीत तो रेनकोट निरम्यात बुडवायची. ३ मेला हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं टाकली, टीव्हीवर बघताना बाबांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू. ताईला फोन केला तर म्हणाली, "फुलं होय? बरं बरं. ठेवते, पेशंट आलाय."

योद्धा म्हटलं ना, की काम झालं. योद्ध्यानं पगार का कापला विचारायचं नसतं, मास्क मागायचा नसतो, मला भीती वाटते असं तर म्हणायचंच नसतं. ५० लाखांचा विमा जाहीर झाला, चांगलंच झालं. पण तो मेल्यावर. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारलं, किती आरोग्य कर्मचारी गेले, तर केंद्राकडं आकडाच नव्हता. आरोग्य हा राज्यांचा विषय म्हणे. मग आयएमएनं, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेनं, करोनात गेलेल्या आपल्या ३८२ डॉक्टरांची यादी काढली. त्यात नर्स नाहीत, आया नाहीत, मावश्या, वॉर्डबॉय नाहीत. थाळीच्या आवाजात मोजायचं राहून गेलं बहुतेक.

काकांनी काल सावित्रीबाईंचंही नाव घेतलं. "त्यांनी प्लेगमध्ये पोर पाठीवर घेतलं होतं, या काय करतात?" घेतलं होतं. मुंढव्याहून, त्यांच्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यापर्यंत. आणि १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगनं गेल्या. पण सावित्रीबाईंना कुणी नोटीस काढली नव्हती हो. त्या स्वतःहून गेल्या, म्हणून तर त्या सावित्रीबाई. त्यांचं नाव घेऊन एका बाळंतिणीची लाज काढायची? ज्यांनी आख्खं आयुष्य बायकांच्या बाजूनं काढलं त्यांचं नाव?

हो, सगळ्याच अशा घरी बसल्या असत्या तर काय, हे मलाही कळतं. पुढच्या लाटेत बाबांना ऑक्सिजन लागला तेव्हा कुणीतरी ड्युटीवर होतंच. मान्य.

आता जे लिहितोय ते घरात कुणी बोलत नाही.

एप्रिलच्या मध्यावर एका रात्री ताई वर आली. आईनं नेहमीसारखा पिठलं-भाकरीचा डबा दाराबाहेर स्टुलावर ठेवला होता. मी जाळीच्या दारातून म्हणालो, "ताई, बाबांना शुगर आहे. तू थोडे दिवस तिकडं हॉस्टेललाच राहिलीस तर?" ती पायरीवर बसून खात होती. घास थांबला नाही तिचा. म्हणाली, "हो, मीच म्हणणार होते." दुसऱ्या दिवशी पिशवी भरून गेली. ओला रेनकोट वेगळ्या कॅरीबॅगमध्ये. २३ दिवस आली नाही.

‘मीच म्हणणार होते’ हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, हे मी आजवर विचारलेलं नाही.

म्हणजे बाबांसाठी मी सख्ख्या बहिणीला दाराबाहेर ठेवलं, तर तो समजूतदारपणा. आणि त्या बाईनं बाळासाठी स्वतःला वॉर्डाबाहेर ठेवलं, तर ती पळपुटी. वा रे वा.

काल काकांचं बोलणं ताईनंही ऐकलं. आपलं ताट उचललं आणि त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या, कशाबद्दल कुणास ठाऊक, मध्येच मोबाइलमध्ये फोटो बघत होत्या. ते बाळ आता शाळेत जातं.

येताना गाडीत ताईला विचारलं, तुला तेव्हा राग नव्हता आला तिचा?

"आला होता की. तिच्या सगळ्या नाइट माझ्या अंगावर पडल्या." मग जरा वेळानं, "मला पोर असतं तर मीही गेले नसते कदाचित. माहीत नाही. तू गाडी बघून चालव, मला सकाळची ड्युटी आहे."