तेल पाण्यात मिसळत नाही हो!

‘१०० मिली पाण्यात लव्हेंडर तेलाचे २० थेंब टाकून हलवा, झाला स्प्रे’ हे घरच्या घरी सुगंधी स्प्रे बनवण्याच्या लेखातलं वाक्य चुकीचं आहे. तेल वर तरंगतं आणि स्प्रेच्या बाटलीतली नळी तळातून ओढते. आधी नुसतं पाणी उडतं, बाटली संपत आली की निव्वळ तेलाचे डाग सोफ्यावर. थेंब आधी ३० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (मेडिकलमध्ये मिळतं) घोळवा, मग ६० मिली उकळून गार केलेलं पाणी घाला. दुधी झालं तरी चालेल, दर वेळी हलवा. समई पेटलेली असताना मात्र फवारू नका, अल्कोहोल पेट घेतं.

बेळगाव-खानापूरच्या जुलैत तर फवारून ओलच वाढते. कपाटात वाटीभर खाण्याचा सोडा, त्यात लव्हेंडर तेलाचे ८-१० थेंब, वर मलमल बांधून ठेवा. सोड्याचे खडे झाले की बदला.