गाडी बंद पडली का? मग उतरा खाली, रस्ता आपलाच आहे

पावसाळा लागला की शनिवारी सकाळी अर्धी मुंबई पुण्याकडे निघते, अर्धं पुणं मुंबईकडे, आणि सगळे मिळून लोणावळ्यात जाम करून बसतात. एवढ्या गाड्यांत कुणाची ना कुणाची बंद पडणारच, आज त्याची, उद्या तुमची. त्या दिवशी नेमकं काय करायचं याचं थोडं मार्गदर्शन करावं म्हटलं, कारण ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने आपल्याला आठ काढायला शिकवलं, हाफ क्लच शिकवला, पण बंद पडलेल्या गाडीचं काय करायचं हे काही शिकवलं नाही. ते आपण सगळे एकमेकांचं बघून बघूनच शिकलोय, आणि काय शिकलोय राव!

तत्त्व एकच आहे. आधी गाडी, मग वेळ, मग इज्जत, आणि एवढं करून काही उरलंच तर माणसं.

सुरुवात घरूनच करा. टायरकडे चुकूनही बघू नका. हवा चेक करायला पंपावर पाच मिनिटं जातात आणि तो पोऱ्या वर दहा रुपये मागतो, पाच माणसांचा नाश्ता हजाराला पडला तरी चालेल पण हे दहा रुपये म्हणजे निव्वळ लूट. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात, समजा २३१९, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर, पण असल्या गोष्टी वाचत बसलं तर उगाच डोक्याला ताप, नक्षी दिसतेय ना अजून थोडीफार, मग झालं. हवा कमी असली की टायरची कड सारखी वाकते आणि आतून तापत जाते, हे खरंय, पण तो फुटायला सलग वेग लागतो, आणि त्याची सोय सरकारने केलेलीच आहे. नागपूरपासून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरची समृद्धी आहे, कारला १२० ची परवानगी आहे, चहाला थांबणं हा कमीपणा आहे, मग बघू कसा फुटत नाही ते. स्टेपनीत हवा आहे का हे बघायचा तर प्रश्नच येत नाही, ती घेतल्या दिवसापासून डिकीत तळाला आहे आणि तिच्यावर आईने सहा बॅगा, लोणच्याची बरणी आणि ताईकडे द्यायचा कुकर ठेवलाय. पुढे लिंबू-मिरची बांधलेली असली की पुरे. जुन्या रस्त्याने जात असाल तर बोरघाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाका, म्हणजे ब्रेक पॅडची जबाबदारी त्याच्यावर गेली.

घाट उतरताना न्यूट्रल. हे सांगायची खरंतर गरज नाही, आपल्याकडे हे वडिलांकडून मुलाकडे येतं, जमिनीच्या सातबाऱ्यासारखं. खंडाळ्याहून खोपोलीकडे गाडी आपोआप पळते तर कशाला गिअरमध्ये ठेवायची, पेट्रोल वाचतं की. आता कोणीतरी शहाणा सांगेल की हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंधन बंदच करतात आणि न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला पेट्रोल जळत राहतं, म्हणजे तुमची बचत उलटीच. अशा माणसाला पुढच्या ट्रिपला नेऊ नका. फारच बचत करायची असेल तर इंजिनच बंद करून टाका, मग स्टेअरिंग दगडासारखं होतं, ब्रेकचा बूस्टर दोन-तीनदा दाबल्यावर संपतो आणि पायात किती ताकद आहे ते कळतं, जिमची फी वाचली. जळका वास यायला लागला तर काच वर करा. वास पुढच्या ट्रकचाच असतो, आपल्या गाडीचा कधीच नसतो.

आता मुख्य विषय. एक्सप्रेसवेला तुम्ही उजव्या लेनमध्ये आहात, फट्ट आवाज झाला, गाडी एका बाजूला ओढायला लागली. अशा वेळी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, ब्रेक न मारता वेग आपोआप उतरू देणं आणि मग हळूहळू डावीकडे जाणं हे भित्र्या माणसाचं काम. तुम्ही कचकन ब्रेक मारा. आणि थांबलात की तिथेच थांबा, जागच्या जागी, उजव्या लेनमध्ये, एक इंचसुद्धा पुढे नाही. कारण? अलॉय व्हील! फुटलेल्या टायरवर गाडी दोनशे मीटर रांगत शोल्डरला, म्हणजे डाव्या कडेच्या पट्टीला, नेली तर टायर तर गेलाच, पण रिमला ओरखडा येईल, आणि एका अलॉयची किंमत काय आहे माहितीये का? गाडीत बायको, दोन पोरं आणि म्हातारे आईवडील आहेत हे मान्य, पण त्यांच्यापैकी कोणावर ओरखडा आला तर मेडिक्लेम आहे. अलॉयला कंपनी डेप्रिसिएशन कापते.

चारी इंडिकेटर लावावेत का, असं विचारतात बरेच जण. माझं मत असं की त्याचा आता काही उपयोग राहिलेला नाही, आपण ते पाऊस आला की लावतो, बोगद्यात शिरलो की लावतो, धुक्यात पळता पळता लावतो, चौकात सरळ जायचं असलं तरी लावतो, वरातीत तर नवरदेवाच्या गाडीचे रात्रभर चालूच असतात. त्यामुळे खरोखर थांबलेल्या माणसाने लावले तरी मागच्याला वाटणार हा चाललाय, फक्त जरा हौशी आहे. बॅटरी वाचवा, रात्री गाणी ऐकायला लागेल.

त्रिकोणाचं मात्र जरा सविस्तर बोलू. नवीन गाडीबरोबर एक लाल चमकणारा त्रिकोण मिळतो, तो प्लास्टिकच्या डब्यात असतो आणि त्याचं सील अजून तुटलेलं नसतं, ते तोडू नका, गाडी विकताना ‘एकदम नवीन कंडिशन’ म्हणून दाखवता येतो. आपली परंपरागत पद्धत जास्त चांगली आहे. बाजूच्या झाडाची फांदी तोडायची आणि गाडीच्या मागे टाकायची, हिरवी, म्हणजे रात्री डांबरावर अजिबात दिसत नाही. फांदी नसेल तर दगड. फांदी किंवा दगड गाडीपासून चार पावलांवर ठेवायचा, जास्त लांब नाही, लांब ठेवला तर कोण परत आणायला जाणार. आता गणित करायचंच असेल तर असं आहे की १०० च्या वेगाने येणारी कार सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. माणसाला समोर काय आहे ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर चाळीसेक मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला अजून पन्नास-साठ. एकूण शंभरच्या आसपास. पावसात त्याहून जास्त, भरलेल्या ट्रकचं तर विचारूच नका. त्यामुळे चार पावलांवरचा दगड मागच्या ड्रायव्हरला दिसतो, अगदी स्पष्ट दिसतो, तोपर्यंत फक्त उशीर झालेला असतो. पण निदान आपण ठेवला होता असं पोलिसांना सांगता येतं.

मग माणसांना उतरवा. गाडी चुकून डाव्या शोल्डरला थांबली असेल, तर सगळे उजव्या दारातून, वाहत्या बाजूने, दार पूर्ण उघडून. डावीकडून उतरून लोखंडी रेलिंगच्या पलीकडे, गाडीच्या जरा मागे, उभं राहता येतं, पण तिकडे चिखल असतो आणि सासूबाईंची साडी नवीन आहे. सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे गाडीच्या बरोब्बर मागे, डिकीपाशी. तिथे उभं राहिलं की आपल्यावर आदळणारी गाडी आपल्याला आपल्याच गाडीवर दाबते, म्हणजे लांब उडून जायची भीती नाही. डिकी उघडा, तिचं झाकण वर गेलं की मागचे दिवे झाकले जातात का बघा, काही गाड्यांत जातात, छान. डबे काढा. चकली, मेथीचे ठेपले, थर्मास. एवढ्यात एक काका लघवीला जाऊन यायचे म्हणून रस्ता क्रॉस करतात, कारण त्यांना पलीकडची बाजू जास्त निवांत वाटते, आणि बाबा हातात रुमाल घेऊन मागच्या ट्रकांना बाजूला व्हायचे इशारे करायला लागतात. बाबा रिटायर्ड आहेत, त्यांना वाटतं ट्रक ऐकतो.

‘अहो, जरा कुणाला तरी फोन करा ना,’ असं घरून दोनदा सुचवलं गेल्यावर फोन करा. पण कुणाला? मेहुण्याला. मेहुणा नाशिकला असला तरी चालेल. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे, कुठेही ११२ आहे, कुणाला लागलं असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे, एक्सप्रेसवे रस्ते विकास महामंडळाकडे असल्याने त्याची वेगळी हेल्पलाइन आहे, इन्शुरन्सबरोबर रोडसाइड असिस्टन्ससुद्धा तुम्ही पैसे भरून घेतलेला आहे पण ती पॉलिसी घरी कपाटात आहे. म्हणून मेहुणा. आणि समजा चुकून हेल्पलाइनला लावलाच फोन, तर समोरचा पहिलं विचारणार कुठे आहात. तेव्हा रस्त्याकडेचे किलोमीटरचे बोर्ड बघायचे नाहीत, आपण कुठल्या दिशेला चाललोय हेही सांगायचं नाही. सांगायचं, ‘अहो ते फूड मॉल नाही का, त्याच्या पुढे, एक डोंगर आहे बघा.’ डोंगर कुठला, असं तो विचारेल. ‘हिरवा.’ आणि फोन आपटायचा, या लोकांना काही माहितीच नसतं.

मदत येईपर्यंत स्वतः काम सुरू करा, गर्दीसमोर नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही. काट्याने लाल दाखवलं होतं आणि बॉनेटमधून वाफ येतेय, तर लगेच रेडिएटरचं झाकण उघडा, आतलं पाणी दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर असतं आणि झाकण सुटलं की थेट तोंडावर येतं, एकदम ताजंतवानं वाटतं. अर्धा तास थांबायचं वगैरे ते ज्यांना ऑफिस नाही त्यांच्यासाठी. चाक बदलताना जॅक मऊ मुरमावर लावा, हँडब्रेक ओढू नका, गाडी आधी उचला आणि मग नट ढिले करायला पान्यावर उभं राहून उड्या मारा. नट नाही हलला तर गाडी हलते. पाना नेमका पडला गाडीखाली तर हात नको, सरळ खांद्यापर्यंत आत शिरा. बारीक स्टेपनी बसली की तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती चिखलाने झाकून घ्या आणि गेलेला अर्धा तास पुढे ११० ने भरून काढा.

पाण्यात बंद पडली असेल, म्हणजे मुंबईत मिलन सबवे, हिंदमाता वगैरे, तर एकच मंत्र, सेल्फ मारत राहा. इंजिनात पाणी गेलं असेल तर पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो, तो आवाज एकदा ऐकण्यासारखा आहे. इथे मात्र मला गंमत करवत नाही, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी गाडीतच अडकून गेलेली माणसं होती, काचा खाली होईनात, दारं उघडेनात. गाडी सोडवत नाही हो आपल्याला, पाणी गुडघ्याला लागलं तरी आपण आत बसून सीट कव्हरचा विचार करतो. असो.

दुसऱ्याची गाडी अडकलेली दिसली तर तुमचं कर्तव्य वेगळं. वेग कमी करा, अगदी वीसवर आणा, मागच्याने तुमच्यावर आदळलं तरी चालेल, काच खाली, मोबाइल बाहेर, व्हिडिओ आडवा काढा. उतरू नका, पोलिसांचं लचांड मागे लागतं. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, साक्षीदार व्हायची, नाव सांगायचीही सक्ती नाही, आणि जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार बक्षीसही देतं, पण हे सगळं ग्रुपवर कोणी फॉरवर्ड केलेलं नाही, त्यामुळे ते खरं असेल असं वाटत नाही.

शेवटी टोचन, म्हणजे दोर बांधून गाडी ओढत नेणं. क्रेनवाला येईपर्यंत कोणीतरी ट्रकवाले दादा दोर घेऊन थांबतातच. गाडी ऑटोमॅटिक आहे, चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स जातो, फ्लॅटबेड मागवायला लागतो, हे त्यांना सांगू नका, वाईट वाटेल त्यांना. दोर आखूड घ्या, लाल फडकं बांधू नका, आणि सगळी फॅमिली ओढल्या जाणाऱ्या गाडीतच बसवा, ठेपले संपलेले नाहीत अजून. निघताना मागे टाकलेले दगड आणि चाकाला अडकण म्हणून लावलेली उटी तिथेच राहू द्या. रस्ता सरकारचा आहे, दगडही सरकारचे, आपण कशाला उचलायचे, रात्री कोणाचं तरी चाक चढेल त्यावर, तोही शिकेल.

गॅरेजवर पोचल्यावर मेकॅनिक बाराशे सांगेल, तुम्ही सातशे म्हणा, तो हजारावर आला की तुम्ही लुटले गेलात असं समजा. पुढचं वर्षभर, प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत हा किस्सा सांगायचा, त्यात ट्रक किती जवळून गेला ते नाही, पोरगं चकली घ्यायला कसं मधल्या लेनपर्यंत पळालं होतं तेही नाही, तीनशे रुपये जास्त कसे घेतले तेवढंच, आणि ते गॅरेज नेमकं कुठलं ते, म्हणजे बाकीच्यांनी तरी तिथे जाऊ नये.