‘गॅबॉन म्हणजे स्वस्तातला रवांडा’: या मेसेजमधलं खरं किती?

‘रवांडात गोरिला बघायला 1,500 डॉलर कशाला मोजता? गॅबॉनला जा. परमिट स्वस्त, रेल्वेने सगळी जंगलं होतात. एकाच आठवड्यात गोरिला, देवमासे आणि समुद्रात उतरणारे पाणघोडे! व्हिसा विमानतळावर मिळतो, त्यावर शेजारचे पाच देशही होतात. डॉलर सगळीकडे चालतात. आणि आपण भारतीय, मलेरियाच्या गोळ्यांची आपल्याला गरजच नाही.’

मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन या देशाबद्दलचा हा मजकूर भटक्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातली बरीच विधानं साफ खोटी नाहीत, कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला धरून आहेत. म्हणून लोक फसतात. एकेक घेऊ.

परमिटचे आकडे बरोबर आहेत. रवांडात 1,500 डॉलर, युगांडात 800, आणि गॅबॉनमध्ये त्याहून बरंच कमी. पण तिकडचा प्राणी वेगळा आणि इकडचा वेगळा. रवांडा-युगांडात दिसतो तो डोंगरी गोरिला. पाला आणि कोंब खातो, फार लांब जात नाही, ट्रॅकर सकाळीच त्याचा माग काढून ठेवतात. गॅबॉनमधला सखल प्रदेशातला गोरिला फळांच्या मागे असतो आणि दिवसाला दोनेक किलोमीटर सहज सरकतो, तेही कर्दळीच्या नात्यातल्या रुंद पानांच्या, माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेल्या गचपणातून. दहा मीटरवर अख्खा कळप बसलेला असला तरी आपल्याला हलणारं पान तेवढं दिसतं. माणसांना सरावलेले कळप देशभरात मोजकेच, मुख्यतः लोआंगो आणि मुकालाबा-दुदू या उद्यानांत. एक कळप सरावायला कित्येक वर्षं लागतात. तेव्हा परमिटच्या पैशात मिळते ती संधी, दर्शन नव्हे. एका दिवसावर भिस्त ठेवू नका, मागावर जायला दोन दिवस राखा. सर्दी-खोकला असेल तर गाइड तुम्हाला आत नेणार नाही, आणि तिथे हुज्जत घालू नये. 1990 च्या दशकात ईशान्येच्या मिंकेबे भागात इबोलाने गोरिला मोठ्या संख्येने मेले. माणसाची साधी सर्दीही त्यांना जड जाते. मास्क आणि ठरलेलं अंतर त्यासाठीच असतं.

आता वाचलेले पैसे जातात कुठे ते बघा. लोआंगो किनाऱ्यावर आहे. राजधानी लिब्रव्हिलहून पोर्ट-जेंटिल या बंदराच्या शहराला सरळ रस्ता नाही, विमान किंवा बोट. पुढे ओम्बुएपर्यंत फोर-बाय-फोर, त्यानंतर खाजणातून होडी. होडीचं गणित सोपं आहे: 40 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगाला तासाला 15 ते 18 लिटर पेट्रोल पितं. जायला तीन तास, यायला तीन तास धरले की शंभरेक लिटर गेले. हा खर्च माणशी नसतो, फेरीचा असतो. होडीत एकटे बसा किंवा चौघे, पेट्रोल तेवढंच. गाडीचंही तसंच. म्हणून चौघांच्या गटाला जे परवडतं तेच एकट्याला रवांडाहून महाग पडू शकतं. दर मागवताना चार गोष्टी लेखी घ्या: पेट्रोल धरलं आहे का, उद्यानाचं रोजचं प्रवेशशुल्क धरलं आहे का, गाइड आणि नावाड्याचं जेवण कुणाकडे, आणि तुम्हाला सोडून रिकामी परतणारी होडी कुणाच्या हिशेबात. शेवटचा प्रश्न विचारायचा बहुतेकांचा राहतो आणि बिल तिथेच फुगतं.

‘रेल्वेने सगळी जंगलं होतात.’ रेल्वे एकच आहे, ट्रान्सगॅबोने. लिब्रव्हिलच्या दक्षिण टोकाच्या ओवेंदोहून निघते आणि साडेसहाशे किलोमीटरवरच्या फ्रान्सव्हिलला जाते. 1986 मध्ये ती तिथवर पोहोचली. लोपे उद्यानासाठी उत्तम, स्टेशन अगदी जवळ आहे. इव्हिंदो उद्यानाच्या एका भागासाठीही ती कामाची, पण त्याच उद्यानातल्या कोंगू धबधब्याला माकोकूहून होडीनेच जावं लागतं आणि माकोकूला रूळ नाहीत. किनाऱ्यावरच्या लोआंगोशी तर रेल्वेचा संबंधच नाही.

मार्ग बराचसा एकेरी आहे आणि मोआंदाच्या खाणींतलं मँगनीज त्याच रुळांवरून बंदराकडे येतं. तासन्‌तास उशीर ही इथली नित्याची गोष्ट, आणि मालगाडी घसरली तर वाहतूक काही दिवस ठप्प. प्रवासी गाड्या बहुधा संध्याकाळनंतर निघतात, म्हणजे लोपेला तुम्ही मध्यरात्रीच्या पुढे उतरणार. मुक्कामाच्या जागेला गाडी पाठवायला आधीच सांगून ठेवा, फलाटावर रिक्षा उभी नसते. तिकिटासाठी मूळ पासपोर्ट न्या. डब्यातला एसी अंगात हुडहुडी भरवतो, विषुववृत्तावर चाललो म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीची गाडी कधीही धरू नका, मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा हवा.

सगळ्यात मोठी दिशाभूल आहे ती ‘एकाच आठवड्यात सगळं’ या वाक्यात. पाणघोडे लाटांत उतरतात हे खरं आहे. अमेरिकन निसर्गसंशोधक माइक फे यांनी 1999-2000 मध्ये काँगोतून जंगल पायी तुडवत डिसेंबर 2000 मध्ये याच किनाऱ्यावर प्रवास संपवला. 2002 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओमर बोंगो यांनी एकदम 13 राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, आणि मायकेल निकल्स यांच्या छायाचित्रांमुळे लोआंगोचे पाणघोडे जगभर पोहोचले. पण पाणघोडा, हत्ती, रानम्हैस हे सगळे वाळूवर येतात ते मुख्यतः पावसाळी महिन्यांत, ढोबळमानाने नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही पाणघोडा तिन्हीसांजेनंतरचा प्राणी, भर दुपारी कॅमेरा लावून बसलात तर नुसती वाळू मिळेल. लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात तीही याच सुमारास. देवमासे मात्र जुलै ते सप्टेंबर. हा तिथला कोरडा हंगाम: आभाळ भरलेलं, हवा गार, पाऊस जवळजवळ नाही. लोपेत मँड्रिल माकडांचे शेकड्यांचे जथे दिसण्याची शक्यताही याच काळात जास्त.

म्हणजे देवमासा आणि किनाऱ्यावरचा पाणघोडा यांची एका आठवड्यात गाठ घालणं दैवावर आहे. आधी ठरवा काय बघायचं, मग महिना. पहिल्यांदाच जात असाल आणि पायी ट्रेकिंग करायचं असेल, तर आमचं मत जुलै-ऑगस्टकडे झुकतं. रस्ते चालू असतात, गोरिलांच्या मागावर चिखल कमी असतो. पावसात लाल मातीच्या रस्त्यांवर आडवे अडसर टाकतात आणि पाऊस थांबून रस्ता सुकेपर्यंत जड वाहनं सोडत नाहीत. गाडी ट्रकच्या रांगेमागे अडकली की त्या दिवसाचा बेत संपला. आफ्रिकेच्या दाट जंगलात राहणाऱ्या हत्तींच्या वेगळ्या जातीचं, वनहत्तींचं, म्हणाल तर या देशात ते सुमारे 95 हजार आहेत, जगातल्या वनहत्तींपैकी निम्म्याहून जास्त. पायवाटेवर वळणापलीकडे हत्ती असणं ही अपवादाची गोष्ट नाही. गाइडच्या पुढे एक पाऊलही टाकू नका आणि एका रांगेत चाला.

व्हिसाचा गोंधळ कुठून आला ते समजण्यासारखं आहे. स्टिकर विमानतळावर लागतो, पण तो आधी ऑनलाइन मंजुरी घेतलेल्यांना. परतीचं तिकीट, राहण्याची सोय, विमा आणि पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करायचा, मंजुरीची छापील प्रत जवळ ठेवायची. ती नसेल तर मुंबईतच विमानात चढू देणार नाहीत. शिवाय ही ऑनलाइन मंजुरी लिब्रव्हिल विमानतळापुरती असते. कॅमेरूनकडून रस्त्याने शिरायचं असेल तर दूतावासाचा व्हिसा लागतो. पाच शेजारी देशांचं म्हणाल तर कॅमेरून, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, काँगो प्रजासत्ताक आणि विषुववृत्तीय गिनी हे पाच आणि गॅबॉन अशा सहा देशांचं चलन एक आहे, आणि त्यांचे नागरिक एकमेकांकडे व्हिसाशिवाय जाऊ शकतात. त्यांचे नागरिक, आपण नव्हे. एका व्हिसावर तीन देश ही सोय केनिया-युगांडा-रवांडाची. मेसेज लिहिणाऱ्याने ती उचलून इकडे चिकटवलेली दिसते.

डॉलरचं थोडक्यात: युरो न्या. इथलं चलन, मध्य आफ्रिकी फ्रँक, युरोला बांधलेलं आहे, 1 युरोला 655.957 फ्रँक, त्यामुळे बदलताना घासाघीस उरत नाही. डॉलरला दर वाईट मिळतो, घडी पडलेली किंवा जुनी नोट परत येते. सेनेगलकडचा पश्चिम आफ्रिकी फ्रँक त्याच किमतीचा असला तरी इथे दुकानात चालत नाही. एटीएम लिब्रव्हिल आणि पोर्ट-जेंटिलमध्ये, तेही व्हिसा कार्डावर भरवशाचं. जंगलाकडे निघण्याआधी सगळी रोकड हातात हवी, आणि त्यात 1,000 व 2,000 फ्रँकच्या सुट्या नोटा. रस्त्यावरच्या तपासणी नाक्यांवर पासपोर्ट, व्हिसा आणि लसीच्या झेरॉक्स दाखवायला ठेवा. तिथे फ्रेंचच चालतं. राष्ट्राध्यक्षांचा वाडा, बंदर, विमानतळ, पोलीस यांचे फोटो काढू नका.

शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना: कसाव्याच्या पानांची हिरवी भाजी बघून खूश होऊ नका, तिच्यात बहुधा वाळवलेली किंवा धुरावलेली मासळी असते. भात आणि तळलेली केळी सगळीकडे मिळतात. मेतकुटाचा डबा जवळ असला की निभतं.

आता गोळ्या. मलेरियाविरुद्धची थोडीफार प्रतिकारशक्ती वारंवार लागण होणाऱ्या भागात राहून येते आणि तिथून हललं की ओसरते. मुंबईत दोनदा मलेरिया झाला होता, हे कवच नव्हे. तो बहुतेक वेळा व्हायव्हॅक्स जातीचा असतो. गॅबॉनमध्ये फाल्सिपॅरम आहे, गडचिरोलीत जीव घेतो तोच. त्याच्यावर क्लोरोक्विन चालत नाही. डॉक्टरांना विचारून पुढच्या तीन औषधांपैकी एक निवडा. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज, परतल्यावर 7 दिवस, स्निग्ध जेवणाबरोबर. डॉक्सिसायक्लिन तसंच रोज, पण परतल्यावर 28 दिवस. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हाने कातडी पोळते तेही लक्षात ठेवायचं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, किमान दोन आठवडे आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. मानसिक आजाराचा इतिहास असेल तर नको. गोळी अर्धवट सोडतात ती घरी आल्यावर, आणि ताप येतो तोही तेव्हाच.

डास रात्री, पण दिवसाही चैन नाही. जंगलातली मोठी चावरी माशी दिवसा चावते आणि तिच्यातून लोआ लोआ नावाचा जंत शरीरात शिरतो, जो पुढे कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सरकताना दिसतो. लांब बाह्या, फिकट रंग, परमेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले कपडे. गडद निळा आणि काळा टाळा, त्से-त्से माशी या रंगांकडे येते.

पिवळ्या तापाची लस प्रवेशाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. मान्यता नसलेल्या दवाखान्याचा कागद चालत नाही. एक कुपी उघडली की तिच्यातले सगळे डोस त्याच दिवशी संपवावे लागतात, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच लस देतात आणि नंबर लागायला वेळ जातो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा वय 60 च्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ते हरवलं तर मुंबईत उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून मूळ प्रत हातातल्या बॅगेतच. आणि परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘गॅबॉनला जाऊन आलोय’ असं सांगा आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.