चाळीतला कांदा आणि संपादकीय पान

गेली काही वर्षे मी महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना वृत्तपत्रांच्या संपादकीय पानासाठी लेख लिहायला मदत करतो आहे. या कामाविषयी पुष्कळांची समजूत अशी असते की, अवघड शब्द काढले, तळटीपा उडवल्या आणि पाच हजार शब्दांचे आठशे केले की लेख तयार होतो. मला हे पटत नाही. शब्द सोपे करणे हा या कामातला सर्वांत हलका भाग आहे. खरी अडचण पुढे असते. संशोधकाला मत असते, बऱ्याचदा ठाम मत असते, परंतु प्रबंध लिहिण्याच्या वर्षांत ते मत वाक्यांमागे झाकून ठेवण्याची सवय त्याच्या हाताला लागलेली असते.

एक अनुभव सविस्तर सांगतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला आणि लगोलग नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. त्याच आठवड्यात एका प्राध्यापिकेचा मला फोन आला. कांद्याची साठवणूक आणि शेतकऱ्याचा विक्रीचा निर्णय, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता आणि या प्रसंगी आपण लिहिले पाहिजे असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांनी पाठवलेला मसुदा एकवीस पानांचा होता. त्याचे पहिले वाक्य असे होते: ‘प्रस्तुत अभ्यासातून साठवणूककालीन ऱ्हासाचे प्रमाण व विक्रीविषयक निर्णय यांमध्ये सहसंबंध असल्याचे निदर्शनास येते.’

मी त्यांना फोनवर विचारले, “मॅडम, ही बंदी तुम्हाला चुकीची वाटते का?”

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, वेळ तर फारच चुकीची आहे. आत्ता बाजारात लाल कांदा येतोय. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी थोडा थांबू शकतो. लाल कांदा टिकतच नाही. काढला की विकावाच लागतो, मग भाव काहीही असो.”

सगळा लेख एवढ्या बोलण्यात होता. मसुद्यात मात्र लाल कांदा पहिल्यांदा अकराव्या पानावर, एका तक्त्यात आला होता, आणि तिथेही त्याचे नाव ‘खरीप हंगामातील उत्पादन’ असे होते.

मी त्यांचे बोलणे जसेच्या तसे उतरवून त्यांना परत पाठवले. त्यांनी कळवले की, “हे मला असे लिहिता येणार नाही, बंदीचा परिणाम मी तपासलेलाच नाही.” ही हरकत मी फार मोलाची मानतो. अशा वेळी मदत करणाऱ्याने ‘वाचकाला एवढे कळत नाही’ म्हणून ती बाजूला सारली, तर तो संशोधकाची वर्षानुवर्षांची विश्वासार्हता एका सकाळच्या वाचनासाठी खर्ची घालतो. आम्ही दोघे बसलो आणि प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने खूण केली: हे माझ्या आकडेवारीतून आलेले, हे कोणत्याही कांदा उत्पादकाला ठाऊक असलेले, हे माझे मत. त्यातून जे वाक्य निघाले ते असे: ‘बंदीच्या परिणामांचा अभ्यास मी केलेला नाही, परंतु कांदा किती दिवस टिकतो आणि त्यामुळे शेतकऱ्याला तो केव्हा विकावा लागतो, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे.’ अभ्यासाची मर्यादा त्यात स्वच्छ सांगितलेली आहे, आणि लिहिण्याचा अधिकारही त्याच वाक्यातून सिद्ध होतो.

तो लेख छापून आला नाही. मसुदा मार्गदर्शकांना दाखवणे, विभागप्रमुखांना विचारणे, पुन्हा दुरुस्त्या करणे, यांत जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला. बंदी ४ मे २०२४ पर्यंत राहिली हे खरे, पण डिसेंबरचा लाल कांदा तोपर्यंत मिळेल त्या भावाने विकला गेला होता आणि त्या युक्तिवादाची वेळ निघून गेली होती. याची हळहळ मला अजून वाटते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की, तुमचा विषय वर्षातून केव्हा बातमीत येतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा आधी कळते, तेव्हा पाऊण लेख अगोदरच लिहून ठेवा. उरलेला पाव भाग त्या दिवशीच्या बातमीचा.

संशोधकांना दोष देऊन मात्र चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतील, प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठीच्या गुणांच्या तक्त्यात मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या शोधनिबंधाला विद्याशाखेनुसार ८ किंवा १० गुण आहेत. वृत्तपत्रातल्या लेखासाठी तिथे रकानाच नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ ही स्पर्धा सुरू करून संशोधक विद्यार्थ्यांना आपले काम सामान्य वाचकासाठी लिहायला प्रोत्साहन दिले, आणि ते चांगलेच झाले. पण आपले संशोधन समजावून सांगणे आणि त्याच्या आधाराने ‘सरकारने असे करू नये’ असे म्हणणे, यांत मोठे अंतर आहे, आणि ते ओलांडताना संशोधक एकटा असतो.

ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये, २०११ साली सुरू झालेल्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ या संकेतस्थळाची पद्धत मला म्हणूनच आवडते. तिथे लेखक विद्यापीठातला आणि संपादक पत्रकारितेतला असतो. दोघे मिळून लेख घडवतात आणि लेखकाने अखेरची संमती दिल्याशिवाय तो प्रसिद्ध होत नाही. मराठी वृत्तपत्रांच्या धावपळीत इतका वेळ मिळत नाही, हे मला मान्य आहे. परंतु संपादित मजकूर छपाईपूर्वी एकदा लेखकाच्या नजरेखालून घालणे आणि मथळा त्याला विचारून ठरवणे अशक्य नाही. चढ्या मथळ्याची धास्ती हे अनेक चांगले अभ्यासक न लिहिण्याचे कारण आहे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

त्या प्राध्यापिकेचा गेल्या ऑक्टोबरात पुन्हा फोन आला. लाल कांद्याची आवक अजून सुरू व्हायची होती. “सर,” त्या म्हणाल्या, “अजून काहीच लिहिलेले नाही. आधी बोलते, तुम्ही लिहून घ्या.”